चेष्टा कोरबो, काल आशबो

कोलकात्यात बिऱ्हाड मांडून आठवडाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. प्लंबर आला, त्याने नळ उघडून पाहिला, बंद करून पाहिला, मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावून निघता निघता म्हणाला, ‘चेष्टा कोरबो. काल आशबो.’

मला बंगाली येत नव्हते. पण मराठी येत होते, आणि घोळ तिथेच झाला. कानाने न विचारता भाषांतर करून टाकले: चेष्टा करीन, काल येईन. माझ्या नळाची चेष्टा करण्याचा त्याचा हक्क एक वेळ मान्य, नळाची अवस्थाच तशी होती. पण हा काल कसा येणार?

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी उलगडा केला. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आणि काल म्हणजे हिंदीतल्या ‘कल’सारखा, मागचाही आणि पुढचाही. गडी बिचारा सांगत होता, ‘प्रयत्न करतो, उद्या येतो.’ आला चौथ्या दिवशी. तेव्हा मराठी अर्थही अगदीच टाकाऊ नव्हता.

हसू यायला विनोद लागतो, असा आपला एक समज असतो. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी तो पडताळून पाहिला. प्रयोगशाळेत लोकांना चुटके ऐकवण्याऐवजी त्यांनी बाजारात, रस्त्यावर, विद्यापीठाच्या आवारात माणसे प्रत्यक्ष केव्हा हसतात याच्या सुमारे १,२०० नोंदी जमवल्या. विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर आलेले हसू निघाले जेमतेम १० ते २० टक्के. बाकीचे सगळे हसू ‘बरं, भेटू मग’, ‘मला माहीत होतं’ असल्या सपक वाक्यांमागून आलेले. आणि एकट्याने हसण्यापेक्षा चारचौघांत हसण्याचे प्रमाण कितीतरी, म्हणजे जवळपास तीसपट. हसू चुटक्याचे कमी आणि सोबतीचे जास्त असते, हे प्रोव्हाइन यांना मोजून कळले. कोलकात्याला ते न मोजता माहीत असावे, नाहीतर अड्डा नावाची गोष्ट तिथे इतकी वर्षे टिकली नसती.

या अड्ड्यानेही मला आधी दचकवलेच. बँकेतून निवृत्त झालेले एक सभ्य गृहस्थ पहिल्याच ओळखीत म्हणाले, ‘संध्याकाळी या ना, आमचा अड्डा असतो.’ मराठी माणसाच्या मनात अड्डा या शब्दापुढे आपोआप दोनच गोष्टी येतात, दारू किंवा जुगार. आणि त्यानंतर ‘पोलिसांची धाड’. इथे मात्र अड्डा म्हणजे काही काम नसताना, काही ठरवलेले नसताना, चहावर केलेल्या गप्पा. कॉलेज स्ट्रीटवरच्या जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये १९४२ साली कॉफी बोर्डाने कॉफी हाउस काढले, १९५८ पासून ते कामगारांची सहकारी संस्था चालवते. तिथल्या अड्ड्यांवर किती मासिके जन्मली आणि किती पक्ष फुटले याचे किस्से बंगाली माणूस अभिमानाने सांगतो. आपल्याकडे यालाच कट्टा म्हणतात, असे मी त्या गृहस्थांना सांगितले. त्यावर त्यांचा चेहरा उतरला. ते नोकरीत काही वर्षे बिहारात होते, आणि बिहारात कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल.

अशी गंमत तमिळ किंवा तेलुगू ऐकताना होत नाही. ती भाषा न येणाऱ्याला नुसता आवाज ऐकू येतो. आवाजाला हसता येत नाही. गंमत व्हायला भाषा अर्धी कळावी लागते, नात्यातली असावी लागते. चुलत घराण्यातल्या माणसासारखी: नाक तेच, आडनाव तेच, आणि तोंड उघडले की भलतेच काहीतरी. बंगाली आणि मराठी या अशा चुलत बहिणी आहेत. एक मागधीच्या वळणाने गेली, एक महाराष्ट्रीच्या. पण मजा घडवणारे बरेच शब्द या जुन्या वारशातले नाहीतच. ते दोघींनी नंतर, आपापल्या गरजेप्रमाणे, संस्कृतच्या कोठीतून उचलून आणले. भांडे एकच; एकीने त्यात दूध तापवले, दुसरीने त्याचे झाकण केले.

चेष्टाच घ्या. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, अंगविक्षेप, खटपट. बंगालीने त्यातली खटपट घेतली, म्हणून तिथे चेष्टा करणारा माणूस कष्टाळू ठरतो. मराठीने बहुधा रंगमंचावरची बाजू उचलली. साहित्यशास्त्रात हास्यरसाची कारणे सांगतात त्यांत विकृत आकार, विकृत वाणी, विकृत वेष यांच्या जोडीला विकृत चेष्टाही असते. वेडेवाकडे हातवारे करून एखाद्याची नक्कल करायची, मग नक्कल म्हणजेच चेष्टा, मग थट्टा म्हणजेच चेष्टा, असा आपला प्रवास झाला असावा. हा माझा अंदाज. पण कोलकात्यात वाढलेल्या मराठी मुलीने पुण्यातल्या आत्याला ‘मी गणिताची खूप चेष्टा करते, तरी मार्क पडत नाहीत’ असे सांगितले, तर आत्या तिला काय उत्तर देईल याचा अंदाज कोणीही करावा.

शिक्षेचे प्रकरण हिंदीमुळे आपल्याला सवयीचे झाले आहे. तरीही शेजारच्या घरातला मुलगा ‘उच्चशिक्षे’साठी परदेशी गेला असे ऐकले की क्षणभर त्याच्या आईबद्दल वाईट वाटते. आदर म्हणजे बंगालीत लाड. आई बाळाला ‘आदोर’ करते, मुले मांजराच्या पिल्लाला करतात. आपण आदर करतो तो पाहुण्यांचा आणि गुरुजींचा, आणि दोन हात लांबून. व्यथा हा शब्द मराठीत कवींनी आणि अग्रलेखांनी वाटून घेतला आहे. दलितांची व्यथा, शेतकऱ्याची व्यथा, सीमाभागाची व्यथा. बंगालीत ‘बॅथा’ गुडघ्यात होते, पोटात होते, आणि औषधाच्या दुकानात तिच्यावर मलम मिळते. इतक्या मोठ्या शब्दाला वीस-तीस रुपयांत उतार पडतो हे पाहून मला तरी बरे वाटले.

अभिमानाबद्दल मात्र थोडे थांबायला हवे, कारण तिथे हसता हसता हेवा वाटतो. बंगालीत ‘ओभिमान’ म्हणजे गर्व नव्हे. आपल्या माणसाने आपल्याला दुखावले, त्याला ते कळायला हवे होते, कळले नाही, आणि आपण तर ते तोंडाने सांगणार नाही: या सगळ्या गुंत्याला मिळून बंगालीत एक शब्द आहे. मराठीत रुसवा आहे, पण रुसवा दाखवण्यासाठी असतो, त्याला प्रेक्षक लागतात. संस्कृत काव्यातली मानिनी नायिका जो ‘मान’ धरून बसते, त्याच्या जवळचा हा अर्थ. तो बंगालीने जपला, आपण मान आणि अभिमान दोन्ही शाली-नारळाच्या कार्यक्रमाला देऊन टाकले. घरमालकीणबाई एकदा म्हणाल्या, ‘माझ्या मुलाचा मला फार अभिमान आहे.’ मी अभिनंदन केले. त्या गप्प झाल्या. मुलाने महिनाभर फोन केला नव्हता.

होळीच्या दिवशी घरात पुरणपोळ्या झाल्या, त्यातल्या चार खाली पाठवल्या. थोड्याच वेळात बाई स्वतः जिना चढून वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, ‘दारुन! भीशोन भालो!’ माझ्या बायकोच्या हातातले उलथणे तसेच राहिले. दारुण आपल्याकडे फक्त पराभवाला आणि निराशेला लागतो, भीषण अपघाताला आणि दुष्काळाला. पुरणपोळीबद्दल असे कोणी घरी येऊन सांगायचे म्हणजे पुरणात दगडच सापडला असणार. प्रत्यक्षात बाई म्हणत होत्या, ‘अप्रतिम! फारच छान!’

यात बंगाल्यांचे काही वेगळे नाही. जोर दाखवायला भाषेला सतत नवे मोठे शब्द लागतात आणि भीतीइतका जोरदार दुसरा शब्द मिळत नाही. मग भीतीचा शब्द रोजच्या वापरात झिजतो, त्यातली भीती उडते आणि जोर तेवढा उरतो. आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतोच की. ‘कहर’ हा शब्द पूर्वी देवीच्या साथीला लावत, आता रीलला लावतात. बंगालीने दारुण आणि भीषण थोडे आधी झिजवले, एवढेच. सर्वनाशही तिथे फार स्वस्त आहे. आमटीत मीठ जास्त पडले, छत्री घरी राहिली, सहाची लोकल चुकली, की ‘शॉर्बोनाश!’ पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी धावत खाली गेलो होतो. दूध उतू गेले होते.

हे असे शब्द ऐकताना डोक्यात नेमके काय होते, याचा एक नामांकित प्रयोग आहे. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी लोकांना एकेक शब्द दाखवत वाक्ये वाचायला दिली आणि त्या वेळी मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपल्या. काही वाक्यांचा शेवट मुद्दाम बिघडवलेला होता. त्यातले सर्वांत गाजलेले वाक्य असे की, त्याने गरम पावावर मोजे पसरले. लोणी येणार म्हणून मेंदू तयारीत असतो आणि येतात मोजे. त्या विसंगत शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी लहरीत एक ठळक खळगा दिसतो. म्हणजे अर्धा सेकंदही होत नाही तोच ‘हे इथे कुठून आले’ अशी नोंद होऊन जाते. दोन भाषा येणाऱ्याची तर आणखी पंचाईत असते: एक भाषा बोलताना दुसरी पूर्ण बंद होत नाही, ती मागे खोलीत दिवा लावून बसलेलीच असते. बाईंनी ‘दारुन’ म्हटले की बंगाली अर्थ दारातून यायच्या आत मराठी अर्थ खिडकीतून आलेला असतो. बाकी त्या प्रयोगात मोजेच निवडले गेले याचा मला विशेष आनंद आहे. बंगालीत मजेला ‘मॉजा’ म्हणतात आणि पायातल्या मोज्याला ‘मोजा’. नवख्या कानाला दोन्ही एकच. ‘खूप मॉजा होलो’ हे वाक्य मी बरेच दिवस धोब्याशी जोडत होतो.

दुसऱ्या एका जातीच्या शब्दांना नाते वगैरे काही नाही. जत्रेत दोन अनोळखी माणसांनी एकच सदरा घालून यावे तसे ते आहेत. बंगालीत चूल म्हणजे केस. चूल कापतात, चूल पिकते, चूल गळते. न्हाव्याच्या दुकानाच्या पाटीवर चूल असते. आपली चूल संस्कृत चुल्लीपासून आली, त्यांची चूला म्हणजे शेंडीपासून. एकीत लाकडे घालतात, दुसरीत तेल. बोका म्हणजे मूर्ख, आणि आपला बोका तर अख्ख्या गल्लीतला सर्वांत धूर्त प्राणी. खोका म्हणजे लहान मुलगा, लाडाने हाक मारण्याचा. पंचाहत्तरीच्या न्यायमूर्तींनाही घरात खोकाच म्हणतात. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पन्नास खोक्यां’ची जी ख्याती झाली ती बाईंना समजावून सांगताना मला अर्धा तास लागला, आणि शेवटी त्यांनी विचारले, ‘पन्नास मुले? कशाला?’

माशी म्हणजे मावशी. वयस्क बाईंना आदराने माशीमा म्हणतात, आणि मीही आमच्या घरमालकीणबाईंना तसेच म्हणू लागलो, पण ‘माशी आली’ हे वाक्य जिभेवर यायला फार दिवस लागले. ‘आय, आय’ म्हणजे ये, ये. संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांना आया गॅलरीतून ‘आय! आय!’ म्हणून हाका मारतात तेव्हा मराठी माणसाला वाटते, हाका मारायचे काम मुलांचे आहे, या का मारताहेत? ‘ताई’ म्हणजे तसेच, म्हणूनच. आपण काही सांगितले की समोरचा डोळे मोठे करून म्हणतो, ‘ताई नाकि?’ म्हणजे ‘असं होय?’ मी पहिले काही दिवस मागे वळून पाहत असे.

आणि शेवटचा ‘ना’. ‘जाबो ना’ म्हणजे जाणार नाही. मराठीत ‘जाईन ना’ म्हणजे जाणारच आहे, शंका कसली घेता. या एका ‘ना’वर माझी एक रविवारची सहल बुडाली आहे.

कोलकात्याच्या लेखकांनी या शब्दखेळाचे सोने केले, यात नवल नाही. सुकुमार राय यांनी हाँस म्हणजे बदक आणि सजारू म्हणजे साळिंदर यांची संधी करून ‘हाँसजारू’ नावाचा प्राणी जन्माला घातला. व्याकरणाला तो चालतो, फक्त निसर्गाला चालत नाही. काळ्या आजाराने खंगत असतानाही राय आपल्या पुस्तकाची मुद्रिते पाहत होते. १० सप्टेंबर १९२३ रोजी ते गेले, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, आणि ‘आबोल ताबोल’ छापून आले ते १९ सप्टेंबरला. शिब्राम चक्रवर्ती (१९०३ ते १९८०) तर श्लेषाशिवाय श्वास घेत नसत. मुक्ताराम बाबू स्ट्रीटवरच्या एका मेसमध्ये त्यांनी उभा जन्म काढला, आणि पत्ते व फोन नंबर वहीत न लिहिता भिंतीवर लिहीत, कारण वही हरवते आणि भिंत हरवत नाही. पण माझा सर्वांत आवडता माणूस राजशेखर बसू. बेंगॉल केमिकल या औषध कारखान्याचा कारभार पाहणारे रसायनशास्त्रज्ञ. परशुराम या नावाने बंगालीतल्या उत्तम विनोदी कथा लिहिल्या, १९२४ साली ‘गड्डलिका’ हा पहिला संग्रह काढला. आणि त्याच हाताने ‘चलंतिका’ हा शब्दकोशही रचला. शब्दाचा नेमका अर्थ ज्याला ठाऊक असतो त्यालाच तो नेमका कुठे घसरतो हे दिसते, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटते.

नेमक्या अर्थाचा विषय निघाला आहे तर ‘आमि’ आणि ‘तुमि’ यांचेही सांगून टाकतो. बंगालीत आमि म्हणजे मी. कानाला वाटते आम्ही. रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळेच ‘आम्ही आलो, आम्ही जेवलो’ असे पेशवाई थाटात बोलताहेत असा भास होतो. तुमि त्याहून फसवे. मराठी माणूस सुखावतो, पहिल्याच भेटीत मला ‘तुम्ही’ म्हणतात! प्रत्यक्षात तुमि हे बरोबरीच्याला, जवळच्याला. मान द्यायचा तर ‘आपनि’. म्हणजे ज्या क्षणी आपल्याला मोठेपणा मिळाला असे वाटते, त्याच क्षणी समोरच्याने खांद्यावर हात टाकलेला असतो. या सर्वनामांचे कूळ एकच आहे. आमि हेही मुळात अनेकवचनच; एकवचनाचे जुने ‘मुइ’ बोलीत मागे पडले आणि आमि त्याच्या जागी येऊन बसले. हा इतिहास सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९२६ साली बंगाली भाषेच्या उगमावरच्या आपल्या महाग्रंथात मांडला. चटर्जी पॅरिसला ज्यांच्याकडे शिकले ते झ्यूल ब्लॉक, आणि ब्लॉक यांचे गाजलेले काम म्हणजे मराठी भाषेच्या घडणीचा अभ्यास. बंगालीच्या शास्त्रीय इतिहासाला मराठीच्या इतिहासाचा नमुना समोर होता. हे मी अड्ड्यावर सांगितले तेव्हा सगळे एकसुरात म्हणाले, ‘ताई नाकि?’

मराठी म्हटल्यावर कोलकात्यात एक शब्द निघाल्याशिवाय राहत नाही: बर्गी. १७४१ ते १७५१ अशी दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. त्याचा बर्गी झाला आणि बंगालच्या अंगाईगीतात जाऊन बसला. आपल्याकडे बागुलबोवा येतो, तिकडे आपण यायचो. लुटालूट, जाळपोळ, गावेच्या गावे उठली. त्यात हसण्यासारखे काही नव्हते. हसण्यासारखे घडले ते खुद्द कलकत्त्यात. मराठे येणार म्हणून १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. तीन मैल खणून झाले, मराठे काही आले नाहीत, खंदक तसाच राहिला. कलकत्तेकरांना मात्र त्यावरून ‘डिचर’ म्हणजे खंदकवाले हे टोपणनाव मिळाले. १७९९ साली तो बुजवून वर सर्क्युलर रोड काढला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. न आलेल्या पाहुण्यांच्या नावाची गल्ली जगात आणखी कुठे असेल असे वाटत नाही.

त्या फौजांचा म्होरक्या भास्करराम कोल्हटकर. बंगालला तो भास्कर पंडित म्हणून ठाऊक आहे. नवाब अलीवर्दीखानाने १७४४ साली त्याला भेटीला बोलावून मारले. पुढे दीडेकशे वर्षांनी त्याच नागपुरात जन्मलेल्या आणखी एका कोल्हटकरांनी, श्रीपाद कृष्णांनी, मराठीत विनोदी लेखाचा पाया घातला. एका कोल्हटकराच्या नावाने बंगालची पोरे गप्प बसत, दुसऱ्याच्या नावाने महाराष्ट्र हसला.

दिवाळीत माझी वहिनी नागपूरहून यायची होती. मी आनंदाने माशीमांना सांगितले, ‘वहिनी येणार आहे.’ बंगालीला व नाही. त्या ऐकतात ब. बंगालीत बाहिनी म्हणजे फौज. माशीमांनी चष्मा काढला. ‘बाहिनी? नागपूर थेके?’ नागपूरहून फौज येणार! मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. विनोदाचे अभ्यासक पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० साली मांडले की, काहीतरी मोडायला हवे, नियम, अपेक्षा, शिष्टाचार, काहीही, पण ते मोडणे त्याच वेळी निरुपद्रवीही वाटायला हवे. दोन्ही एकत्र आले की हसू येते. नागपूरची फौज निरुपद्रवी व्हायला पावणेतीनशे वर्षे लागली. मधल्या काळात काही माणसांनीही ती दरी बुजवली. देवघरजवळच्या मराठी घराण्यात जन्मलेल्या सखाराम गणेश देऊस्कर यांनी बंगालीत लिहिलेले ‘देशेर कथा’ हे १९०४ सालचे पुस्तक घरोघरी वाचले गेले. सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. १९०४ मध्येच रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. आणि आपल्या पु. ल. देशपांड्यांनी पन्नाशीच्या सुमारास शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकून घेतले. ‘वंगचित्रे’ त्यातूनच आले.

आतापर्यंत मीच हसतो आहे असे वाटेल. तसे नाही. तेही हसतात. समजा तुमचे नाव विश्वास वसंत वैद्य आहे. कोलकात्यात ते ‘बिश्शाश बॉशोन्तो बोइद्दो’ होईल, आणि बिश्वास हे तिथे आडनाव असल्यामुळे तुमचे मूळ गाव नदिया जिल्ह्यात कुठे, असेही विचारले जाईल. आपल्या तीन लिंगांनी तर ते हैराण होतात. बंगाली क्रियापदाला लिंगाशी देणेघेणे नसते. माशीमांना मी मराठी शिकवायला घेतले तेव्हा त्यांनी विचारले, दगड पुरुष, भिंत बाई, आणि घर कोणीच नाही, हे कोणी ठरवले? मला उत्तर देता आले नाही. उलट त्यांच्या ‘शे’ने माझ्यावर सूड उगवला. शे म्हणजे तो आणि शे म्हणजेच ती. एकदा अड्ड्यावर कोणाच्या तरी पळून जाऊन केलेल्या लग्नाची, मग भांडणाची, मग कोर्टाची गोष्ट मी दहा मिनिटे तोंडाचा आ वासून ऐकली. ‘शे’ने काय काय केले ते सगळे कळले. तो नायक होता की नायिका, हे घरी जाऊन विचारावे लागले.

खाण्याचेही तसेच. बंगाली माणूस पाणी खातो, चहा खातो, सिगारेट खातो, इतकेच काय, चुंबनसुद्धा खातो. मी यावर हसलो तेव्हा एका तरुण पोराने शांतपणे विचारले, मराठीत काय काय खाता? हवा खातो, मार खातो, भाव खातो, डोके खातो, पैसे खातो, असे सांगता सांगता मी थांबलो.

बसचा कंडक्टर मात्र माझ्यापुरता या शहराचा सर्वांत मोठा विनोदकार आहे, आणि त्याला ते माहीत नाही. गर्दी दाराशी तुंबली की तो ओरडतो, ‘पेछोनेर दिके एगिए जान!’ शब्दशः: मागच्या बाजूला पुढे सरका. रोज हजारो लोक निमूटपणे मागच्या बाजूला पुढे सरकतात. एखादी बाई उतरायची असेल तर पत्र्यावर थापा मारत ड्रायव्हरला हाक जाते, ‘आस्ते! लेडीज, कोले बाच्चा!’ सावकाश, बाईमाणूस आहे, कडेवर मूल आहे. मूल असो वा नसो. साठीच्या माशीमा हातात वांग्यांची पिशवी घेऊन उतरतात तेव्हाही त्यांच्या कडेवर मूल असतेच.

या घोळात दोन्हीकडे जसेच्या तसे राहिलेले शब्दही आहेत. राग, घाम, काका, मामा, दादा यांत फसगत होत नाही. आणि आणखी एक. बंगाली माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ. तो म्हणतो ‘आशि’, म्हणजे येतो. माशीमांकडून पहिल्यांदा निघताना मी दारात चप्पल घालत सवयीने मराठीतच ‘येतो’ म्हणालो, मग जीभ चावून मनात बंगाली शब्द शोधू लागलो, आणि लक्षात आले की शोधायचे काही नाहीच. कोलकात्याला जाणार असाल तर बंगाली शिकायला सुरुवात याच शब्दाने करा. प्लंबरशी मात्र हिंदीत बोला.